दोन्हीकडचे कागद

आमच्या गावात होळ्या दोन पेटतात. एक मारुतीच्या देवळापुढे, दुसरी वेशीपाशी. अंतर म्हणाल तर हाक मारली तर ऐकू जावी एवढे. देवळापुढची होळी थोरल्या पातीची, म्हणजे आमची, आणि वेशीतली धाकट्या पातीची. लहानपणी याचे काही वाटत नसे. उलट दोन होळ्या म्हणजे दोनदा बोंब मारायची सोय. जरा कळू लागल्यावर एकदा वडिलांना विचारले, तर म्हणाले, "मोगलाईपासूनचं आहे ते." शेजारी बसलेल्या चुलत्यांनी सुपारी कातरता कातरता भर घातली, "आपला मूळपुरुष औरंगजेबाशी लढला. त्यांचा फितला." 'त्यांचा' म्हणजे धाकट्या पातीचा. धाकट्या पातीच्या घरी हीच गोष्ट उलटी करून सांगतात, हे मला पुष्कळ उशिरा, कॉलेजात असताना, त्यांच्यातल्याच माझ्या बरोबरीच्या एका मित्राकडून कळले.

गाव माणदेशात, नदीपासून कोस-दीड कोसावर. मी गेली ४० वर्षे पुण्यात आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात वाड्याची मागच्या सोप्याची भिंत बसली. भावाने माळा रिकामा करायला घेतला तेव्हा पत्र्याची एक ट्रंक निघाली आणि तिच्यात फडक्यात बांधलेले जुन्या कागदांचे दोन रुमाल. कडा वाळवीने खाल्ल्या होत्या, पण आतला मोडी मजकूर बऱ्यापैकी शाबूत होता. मला मोडी येत नाही. ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींना येते. दर रविवारी सकाळी त्यांनी भिंग घेऊन वाचावे आणि मी लिहून घ्यावे, असा आमचा क्रम सुरू झाला. चौथ्या रविवारी त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "तुमच्या मूळपुरुषाकडे कागद दोन्हीकडचे आहेत हो."

एक कागद राजाराम महाराजांच्या वतीने दिलेले अभयपत्र. आशय असा की, गावावर यावे, जमाव करून गनिमास मारावे, पाटीलकी तुमची तुम्हांस चालवू. दुसरा मोगल ठाणेदाराचा. वर फारसी शिक्का, खाली मोडीत मजकूर. आशय असा की, गावावर यावे, रयतेची लावणी करावी, गनिमास थारा देऊ नये, पाटीलकी तुमची तुम्हांस चालवू. दोन्ही कागदांत अंतर जेमतेम तीन वर्षांचे. माणूस तोच, गाव तेच, वतन तेच. 'गनीम' तेवढा बदललेला.

मी चरकलो, हे कबूल करतो. शिक्षण झाले, शहरात आयुष्य गेले, पूर्वजांच्या बढाया मारणाऱ्यांना आपण हसतो. पण आपलाच मूळपुरुष दोन्ही दगडींवर हात ठेवून बसलेला निघाला की आत कुठेतरी लागतेच. मग त्या काळाविषयी मिळेल ते वाचू लागलो. फारसी शिक्का एका प्राध्यापकांकडून वाचून घेतला. त्या वाचनातून जे उमगले ते आज सांगायचे आहे.

हे युद्ध आपण शाळेत शिकलो ते किल्ल्यांच्या आणि सेनापतींच्या नावांनी. मोगलांच्या घोड्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसत, ही गोष्ट तर पाळण्यातलीच. इतिहासाचा सांगाडा असा : शहाजादा अकबर बंड करून १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. त्याच वर्षी औरंगजेब अजमेरहून दक्षिणेकडे निघाला, तो पुन्हा उत्तरेत गेलाच नाही. १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा पडला. १६८९ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराज संगमेश्वरला पकडले गेले, मार्चमध्ये त्यांची हत्या झाली, आणि वर्ष संपायच्या आत रायगड गेला. येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू मोगलांच्या कैदेत पडले. राजाराम महाराज पन्हाळ्याहून निसटून थेट तमिळ मुलखातल्या जिंजीला पोहोचले. जिंजी १६९८ पर्यंत झुंजली. १७०० मध्ये राजारामांचा सिंहगडावर मृत्यू झाला आणि पंचविशीच्या ताराबाईंनी कारभार हाती घेतला. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ, भिंगारच्या छावणीत औरंगजेब वारला. बादशहा उत्तरेतून निघाला तेव्हापासून मोजली तर २५-२६ वर्षे. शिवाजी महाराजांच्या मृत्यूपासून मोजली तर २७.

२७ वर्षे म्हणजे किती? युद्ध सुरू झाले त्या वर्षी जन्मलेल्या मुलीला युद्ध संपताना दहा वर्षांचा मुलगा असणार. त्या काळच्या लग्नाच्या वयाने याहून मोठाही असेल. आपल्या आईने शांतता पाहिली होती, आपण मात्र नाही, अशी ही पिढी.

मोगलांकडेही हेच झाले. बुऱ्हाणपूरला जन्मलेला आणि मोगलांच्या चाकरीत दक्षिणेतच हयात घालवलेला भीमसेन सक्सेना हा कारकुनी पेशाचा माणूस आपल्या आठवणी लिहून ठेवून गेला. तो सांगतो, की छावणीतले लोक घरच्यांच्या ताटातुटीला कंटाळले आणि त्यांनी बायकामुलांना छावणीतच बोलावून घेतले. तिथेच मुले झाली, मोठी झाली, म्हातारीही झाली. त्यांनी घर कसे असते ते पाहिलेच नाही, निवारा म्हणजे तंबू एवढेच त्यांना ठाऊक. इटालियन प्रवासी जेमेल्ली करेरी १६९५ मध्ये कृष्णाकाठी गलगल्याला ही छावणी पाहून गेला. तिचा घेर त्याने तीस मैलांचा सांगितला आहे, घोडदळ साठ हजार, पायदळ एक लाख, आणि बाजार अडीचशे. आकडे परक्या प्रवाशाचे आहेत, थोडे हातचे राखून घ्यावेत. पण घरातली कर्ती बाई म्हणून विचार करून पाहा. एवढ्या माणसांना रोज धान्य, मीठ, तेल, सरपण लागणार. एवढ्या घोड्यांना, उंटांना, हत्तींना रोज वैरण लागणार. ती कुठून येणार?

ती आमच्यासारख्या गावांतून येणार. १६९५ ते १६९९ ही चार वर्षे बादशहाची छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीला, माचणूरजवळ होती. तिथून पंढरपूर लांब नाही. विठ्ठलाची मूर्ती त्या दिवसांत जवळच्या देगावात नेऊन लपवली होती, असे तिकडे सांगतात. आमच्या रुमालातल्या एका कागदात कडब्याच्या पेंढ्यांचा हिशोब आहे, किती पेंढ्या 'लष्करास' पोहोचल्या त्याचा. कोणाच्या लष्कराला ते लिहिलेले नाही. गुरुजी म्हणाले, लिहिणाऱ्याने मुद्दामच लिहिले नसेल.

माण नदीचाही या युद्धाच्या इतिहासात एक उल्लेख आहे. १७०० च्या ऑक्टोबरात छावणी खवासपूरला नदीच्या पात्राजवळ पडली होती. डोंगरात पाऊस झाला, रात्रीतून लोंढा आला आणि तंबू, जनावरे, माणसे वाहून गेली. गलका ऐकून बादशहाला वाटले मराठ्यांचा छापा आला. तो घाईने उठला, पडला आणि त्याचा गुडघा निखळला. पुढे तो कायमचा लंगडत चालला. भोवतालच्यांनी तेवढ्यातही संधी साधली : घराण्याचा मूळपुरुष तैमूर लंगडा होता, त्याचा वारसा आता पूर्ण झाला, अशी स्तुती झाली म्हणे. ज्या नदीला आम्ही उन्हाळ्यात चपला हातात न घेता ओलांडतो, तिने बादशहाला लंगडा केला, याचा आमच्या गावात आजही मनापासून आनंद आहे.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे वतनाकडे येतो. आजच्या वाचकाला 'वतन' म्हणजे जमीन वाटते. जमीन तर त्यात होतीच, पण पाटील, देशमुख, कुळकर्णी, महार, चौगुला यांचे वतन म्हणजे गावातली त्यांची जागाच. वसुलातला वाटा, पोळ्याला कोणाचा बैल आधी, होळीची पोळी कोणाची आधी, लग्नात विडा कोणाला आधी, हे सगळे त्यात आले. राज्ये आली गेली तरी वतन टिकावे, पिढ्यान्‌पिढ्या टिकावे, ही माणसाची सर्वांत मोठी आस. जीव गेला तर चालेल, वतन जाता कामा नये, असे मानणारा हा समाज होता.

शिवाजी महाराजांनी या वतनदारांना वेसण घातली होती. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत ते स्वच्छ आले आहे : वतनदारांचे कोट-हुडे पाडले, त्यांनी साध्या घरात राहावे असे ठरवले, त्यांनी वाटेल ते उकळू नये म्हणून त्यांचे हक्क बांधून दिले, आणि लष्कराला गावे तोडून न देता पगार दिला. ही बखर सभासदाने लिहिली ती जिंजीत, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. आणि ज्या जिंजीत बसून तो हे लिहीत होता, त्याच जिंजीतून त्याच वर्षांत वतनांची, इनामांची, सरंजामांची पत्रे सुटत होती! इतिहासातल्या या जागेपाशी मी पुष्कळ दिवस थांबलो. राजारामांना दोष द्यावा असे वाटेना. राजधानी गेलेली, खजिना गेलेला, राजा हजार कोस नाही तरी शेकडो कोस दूर. पगार द्यायला पैसा कुठे होता? द्यायला एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे जिंकायच्या मुलखाचे वचन.

या वचनांचा एक नमुना प्रसिद्ध आहे. जून १६९१ मध्ये राजारामांनी हणमंतराव आणि कृष्णाजी घोरपडे यांना सहा लाख होनांचा सरंजाम कबूल केला. त्यातला काही रायगड घेतल्यावर, काही विजापूर घेतल्यावर, काही भागानगर आणि काही औरंगाबाद घेतल्यावर, आणि उरलेला, म्हणजे निम्म्याच्या आसपास, दिल्ली घेतल्यावर! रायगड हातात नाही, आणि दिल्लीची वाटणी चालली आहे. याला वेडेपणा म्हणा, हिंमत म्हणा. मला त्यात दोन्ही दिसतात. पण समाज बदलला तो इथे. काल शिपाई राजाच्या पगारावर लढत होता. आता सरदार आपल्या वाट्याच्या मुलखासाठी लढू लागला. माणसे त्याने जमवायची, घोडी त्याने आणायची, सावकाराचे कर्ज त्याने काढायचे. साहजिकच मिळाले ते त्याचे झाले.

औरंगजेबही तेच देत होता. मनसब, जहागीर, देशमुखीची सनद. त्याची थैली मोठी होती. इतिहासकार अथर अली यांनी मोगल मनसबदारांची मोजदाद केली आहे. औरंगजेबाच्या पहिल्या वीस वर्षांत हजारी व त्याहून वरच्या ४८६ मनसबदारांत मराठे होते २७. पुढच्या काळात, म्हणजे १६७९ ते १७०७ मध्ये, ५७५ पैकी ९६. जवळजवळ दर सहा मोठ्या मोगल सरदारांत एक मराठा! आणि हे फक्त वरचे. ठाणेदाराच्या शिक्क्याचा कागद घेऊन गावाकडे परतणारे आमच्या मूळपुरुषासारखे पाटील कोणी मोजलेलेच नाहीत.

मोठमोठी घराणी यातून सुटली नाहीत. कारीच्या जेध्यांनी शिवाजी महाराजांसाठी काय केले ते सांगायला नको. त्याच सर्जेराव जेध्यांच्या घराला संभाजी महाराजांनी मोगलांकडे वळल्याबद्दल खडसावले, आणि राजाराम महाराजांनी मार्च १६९० मध्ये समजुतीचे पत्र पाठवून पुन्हा जवळ ओढले. म्हसवडचे नागोजी माने एकदा मोगलांकडे, एकदा मराठ्यांकडे, पुन्हा मोगलांकडे. १६९७ मध्ये संताजी घोरपड्यांना मारले ते त्यांनीच. म्हसवड आमच्याकडचे. या नावावर आमच्या भागात अजूनही चर्चा सुरू झाली की आवाज चढतात.

याला फितुरी म्हणायचे का? काही ठिकाणी म्हणायलाच हवे; शब्दाला जागलेले लोकही त्याच काळात होते आणि त्यांनी किंमत मोजली. पण सरसकट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आमच्या गावासारख्या गावाचा विचार करा. सकाळी मोगल ठाण्याचा शिपाई वसुलीला येतो. चार दिवसांनी मराठ्यांचे घोडेस्वार येतात आणि चौथाई मागतात. दोघांना दिले नाही तर दोघेही जाळतात. पाटलाने काय करावे? त्याने दोन्हीकडचे कागद घेतले आणि बांबूच्या एकाच नळीत ठेवले. ज्याचा घोडा दारात, त्याचा कागद बाहेर.

खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. मराठ्यांबद्दल त्याला प्रेम नव्हते, म्हणून तर त्याची साक्ष मोलाची. ताराबाईंच्या काळाविषयी तो लिहितो, की मराठे आता लुटून परत जात नाहीत. बायकामुलांसह मोगली मुलखात मुक्काम टाकतात, परगणे आपसात वाटून घेतात, आपले सुभेदार, कमाविसदार आणि रस्त्यावरची जकात घेणारे राहदार नेमतात, आणि अडीअडचणीला एखादी गढी बांधून ठेवतात. म्हणजे एकाच मुलखावर दोन सरकारे. तंबूत संसार थाटलेले मोगल आणि परमुलखात बिऱ्हाड केलेले मराठे, दोघेही आता घरी परतण्यासाठी लढत नव्हते. घरच इकडे आले होते. भीमसेनही नोंदवतो, की रयतेने नांगर टाकून हत्यार आणि घोडे मिळवले आणि ती मराठ्यांना जाऊन मिळाली. शेतात राबून दोघांना कर द्यायचा, त्यापेक्षा घोड्यावर बसून तो घेणाऱ्यांत सामील व्हावे, हा हिशोब कोणालाही सुटण्यासारखा होता. पुढच्या शतकात अटकेपर्यंत गेलेल्या फौजांची भरती या हिशोबातून सुरू झाली, असे माझे मत आहे. शेतकऱ्याच्या मुलाला मुलूखगिरीची चटक लागली ती या वर्षांत.

जे घोड्यावर बसू शकले नाहीत त्यांचे काय झाले, ते इतिहासाच्या पुस्तकांत थोडक्यात येते. निकोलाओ मनुची या इटालियनाने लिहिले आहे, की या युद्धात दरसाल एक लाख माणसे आणि तीन लाख जनावरे मरत होती, आणि १७०२ ते १७०४ च्या दुष्काळात व रोगराईत वीस लाख माणसे दगावली. तो दूर मद्रासेकडे राहून ऐकीव लिहीत होता, तेव्हा आकड्यांवर पैज लावू नये. पण आमच्या महजरात आकडे नसूनही तेच आहे.

महजर म्हणजे गावकीच्या, गोताच्या सभेने साक्षीपुरावे घेऊन दिलेला निवाडा. आमचा महजर शाहू महाराजांच्या कारकिर्दीच्या आरंभीचा, मोगल नुकतेच गेल्यानंतरचा. त्यात वादी थोरली पाती, प्रतिवादी धाकटी. हकीगत अशी : 'मोगलांच्या धामधुमीत' गाव वैरान पडले. थोरला भाऊ बायकोमुले आणि बैल घेऊन घाटाखाली सासुरवाडीच्या आश्रयाला गेला. ११ वर्षांनी परत आला, तेव्हा धाकटा चुलतभाऊ पाटीलकी चालवत होता. थोरला म्हणतो, वतन माझे, मी परागंदा होतो. धाकटा म्हणतो, गावात दिवा लागत नव्हता तेव्हा मी तो लावला, मोगलांना खंडणी मी भरली, मराठ्यांना चौथाई मी भरली, तेव्हा हा कुठे होता?

दोघांचेही खरेच आहे. गोताने साक्षी घेतल्या. गावाच्या शिवेबद्दल साक्ष दिली ती महाराने, कारण शीव त्याच्याइतकी कोणालाच ठाऊक नसे, आणि ११ वर्षांत बांध-शिळा सगळे नाहीसे झाले होते. साक्षीत एक बाई आहे. तिचे नाव नाही, थोरल्याची बायको एवढेच म्हटले आहे. तिने सांगितले, की पळताना नवऱ्याने बैल घेतले, सासूने देव घेतले आणि कागदांची नळी मी माझ्या ओटीत बांधून नेली. त्याच काळात एक विधवा साताऱ्या-पन्हाळ्यावरून बादशहाशी झुंज चालवत होती, तिच्यावर ग्रंथ आहेत. या बाईची एवढी एकच ओळ. पण ज्या कागदांवर आम्ही तीनशे वर्षे छाती फुगवली, ते तिने वाचवले. आणि तिला वाचता येत नसल्याने नळीत शिक्के कोणाकोणाचे आहेत, हे तिला ठाऊकही नसणार.

ओसाड गावे पुन्हा वसली कशी, हेही या कागदांतून कळते. सरकारने कौल द्यायचा : या, जमीन कसा, पहिल्या वर्षी नावाला सारा, दुसऱ्या वर्षी थोडा अधिक, असे चढत्या पायरीने चार-सहा वर्षांनी पुरा सारा. याला इस्तावा म्हणत. मिरासदार परतले नाहीत तिथे परगावचे उपरी आणून बसवले. काही मिरासदारांचा पत्ताच लागला नाही. त्यांच्या जमिनींवर कागदोपत्री 'गतकूळ' असा शब्द पडला. आमच्या गावात आजही एका शिवाराला गतकुळी म्हणतात. तिथे ऊस उभा असतो. ते कुळ कोणाचे होते, कुठे गेले, कोणाला माहीत नाही.

दुहेरी कागदांचा रोग मोगलांबरोबर गेला नाही. १७०७ मध्ये शाहू सुटून आले आणि छत्रपतींच्याच दोन गाद्या झाल्या. आता एक पत्र शाहूंचे, एक ताराबाईंचे. धनाजी जाधवांसारखा सेनापती खेडच्या लढाईत बाजू बदलून शाहूंकडे गेला, तिथे पाटील-देशमुखांची काय कथा? कोकणात कान्होजी आंग्रे, खानदेश-गुजरातच्या तोंडाशी दाभाडे, वऱ्हाडात भोसले, असे एकेक सरदार आपापल्या मुलखात घट्ट बसले होते. त्यांना कोणत्याही छत्रपतींना सहज हलवता येत नव्हते. १७१९ मध्ये दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा दिल्लीहून आल्या तेव्हा बाळाजी विश्वनाथांनी मुलूखवाटणीची जी घडी घातली, ती या वस्तुस्थितीवरच. त्यांच्यापुढे दुसरी वाट होती असे मला वाटत नाही.

आणि रामचंद्रपंत अमात्य? राजाराम जिंजीत असताना महाराष्ट्रात ज्यांनी राज्य सांभाळले, वतनदारांना गोंजारणारी कितीतरी पत्रे ज्यांच्या कचेरीतून गेली, त्याच पंतांनी पुढे कोल्हापूरच्या संभाजी राजांसाठी आज्ञापत्र लिहिले. त्यात वतनदारांबद्दल जे लिहिले आहे ते एखाद्या पोळलेल्या माणसाचे आहे. हे लोक म्हणजे राज्याचे दायादच, आहे त्यात समाधान न मानणारे, शत्रू आला की वतनाच्या लोभाने आधी त्याला जाऊन भेटणारे, असा त्याचा रोख. त्यांना दुखवूही नये आणि मोकळेही सोडू नये, असे ते सांगतात, आणि राजाने नव्या वृत्ती-इनामे देऊन राज्य झिजवू नये, असे बजावतात. ते वाचताना मला आमच्या नळीतले अभयपत्र आठवत होते. त्याखाली पंतांचा शिक्का नाही, पण ते त्यांच्याच अमलातले.

गोताने आमच्या भांडणाचा निवाडा काय केला? पाटीलकी निम्मी निम्मी. पोळ्याला बैल आधी थोरल्याचा, दसऱ्याला आपटा आधी धाकट्याचा. होळीवर मात्र कोणी मागे हटेना, तेव्हा होळ्या दोन. एवढे झाल्यावर सगळ्यांनी एका पंगतीत जेवावे असेही लिहिले आहे. ते जेवण झाले की नाही, याचा कागद नाही.

गेल्या शिमग्याला गावी गेलो तेव्हा धाकट्या पातीतल्या त्या जुन्या मित्राला सगळे झेरॉक्स दाखवले. मोगल शिक्क्याचा कागद बघून तो टिंगल करील, अशी माझी अपेक्षा होती. त्याने शांतपणे पाहिले, आत गेला आणि कपाटातून प्लॅस्टिकची एक पिशवी घेऊन आला. "आमच्यातही दोन आहेत," तो म्हणाला. "आजोबांनी वाचून घेतलं होतं. कुणाला सांगू नको म्हणाले होते."

आम्ही दोघांनी ते चार कागद ओट्यावर ओळीने मांडले आणि बराच वेळ बघत बसलो. संध्याकाळी मी देवळापुढे गेलो, तो वेशीत गेला.

माझे चुलते आता नव्वदीचे आहेत. ट्रंक निघाल्यापासून दर फोनला विचारतात, "कागदात काय निघालं?" मी दर वेळी सांगतो, "वाचायचं चालू आहे." पण रविवारची पुरवणी ते अजूनही भिंग घेऊन पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतात. आज दुपारपर्यंत त्यांचा फोन येईल.